कमी खर्चात बेळगाव : डोंगरकडेच्या शहरात दोन-तीन दिवस कसे घालवावेत

बेळगावला जुनी माणसे ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणत आली आहेत आणि हे नाव आजही शोभते. समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या उतारावर वसलेल्या या शहरात उन्हाळ्यातही संध्याकाळी वारा सुटतो, पावसाळ्यात दिवसेंदिवस झड लागते आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्वेटर घातल्याशिवाय बाहेर पडवत नाही. यातल्या कशालाही तिकीट नाही. तरीही येथे येणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचा खिसा दोन दिवसांत रिकामा होतो. त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : भाड्याची गाडी ठरवून गोकाक, आंबोली आणि चोर्ला घाट एकाच फेरीत उरकण्याचा हट्ट. अशा प्रवासात दिवस गाडीत जातो, पैसे डिझेलवर जातात आणि शहर पाहायचे राहूनच जाते.

निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर किंवा सांगलीकडून मोजके पैसे घेऊन येणारे विद्यार्थी, नवी जोडपी आणि लहान कुटुंबे यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. सल्ला थोडक्यात असा, की मुक्काम शहराच्या मध्यावर करावा, दिवसाला एकच डोंगर किंवा एकच दिशा धरावी, प्रवास एसटीने आणि पायी करावा आणि मुख्य जेवण दुपारी घ्यावे.

आधी हंगाम निवडावा

जून ते सप्टेंबर हा बेळगावचा खरा हंगाम आहे असे मला मनापासून वाटते, पण ज्यांना भिजण्याची सवय नाही त्यांना तो मानवत नाही. शहरात बारीक पण न थांबणारा पाऊस असतो, तर पश्चिमेकडे जांबोटी आणि कणकुंबीच्या पट्ट्यात तोच मुसळधार होतो. येथला वारा छत्री उलटी करतो, म्हणून रेनकोट आणावा. बूट भिजले की दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा पट्ट्याची रबरी चप्पल किंवा सँडल सोबत असलेली बरी.

पहिल्यांदा येणाऱ्यांनी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा किंवा नोव्हेंबर निवडावा. पाऊस सरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, शिवारात भात पिकत आलेले असते आणि गडावरच्या वाटा कोरड्या झालेल्या असतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपार तापते हे खरे, पण वळिवाची सर येऊन गेली की संध्याकाळी हवा एकदम निवळते. शिवाय जांबोटीकडच्या बायका करवंदे, जांभळे आणि फणस घेऊन बाजारात बसतात, ही चैन दुसऱ्या कुठल्या महिन्यात मिळत नाही.

काही तारखा मात्र टाळाव्यात. डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा आमदार, अधिकारी, पोलीस बंदोबस्त आणि मोर्चेकरी यांच्यामुळे लॉजच्या खोल्या भरतात आणि दर चढतात. 1 नोव्हेंबरला कर्नाटकच्या स्थापनादिनाची, म्हणजे राज्योत्सवाची मिरवणूक आणि बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची फेरी अशा दोन्ही गोष्टी एकाच शहरात होतात. त्या दिवशी बसचे मार्ग बदलतात आणि सीमेपलीकडून येणाऱ्या गाड्याही कधी कधी थांबवल्या जातात, म्हणून प्रवास एक दिवस पुढे-मागे करावा. सैन्यभरतीच्या काळात मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राकडे गावोगावची मुले लोटतात आणि स्वस्त खोल्या त्या वेळीही मिळत नाहीत.

याउलट शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक पाहायला मुद्दाम यावे. येथे ती परंपरेने वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस किंवा मेमध्ये निघते आणि गल्लोगल्लीच्या मंडळांचे सजीव देखावे रात्रभर रस्त्यावर असतात. पाहायला एक पैसा पडत नाही. मात्र त्या रात्रीची खोली बऱ्याच आधी सांगून ठेवावी लागते.

रक्कम ठरवून तिचे चार वाटे करावेत

दोन माणसांसाठी दोन रात्रींची सहल आखताना, बेळगावात पोहोचल्यानंतरच्या खर्चासाठी 4,000 रुपयांची मर्यादा घालून पाहावी. त्यातले 1,800 मुक्कामासाठी, 1,200 खाण्यापिण्यासाठी आणि 500 स्थानिक प्रवासासाठी ठेवून उरलेले 500 वेगळ्या पाकिटात घालावेत. हे वेगळे पाकीट परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत उघडायचे नाही, निदान तशी अट घरी घालून घ्यावी. हे आकडे कोणत्याही लॉजचे किंवा हॉटेलचे दरपत्रक नव्हेत, ती केवळ वाटणी आहे. रक्कम लहान-मोठी असली तरी वाटे याच प्रमाणात पाडावेत. या हिशेबात खासगी गाडी बसत नाही, हे लगेच लक्षात येईल. एका दिवसाची गाडी दोन रात्रींच्या मुक्कामाइतके पैसे सहज खाते.

रोख पैसे सोबत असावेत. शहरात चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे फोनवरून पैसे घेतात, पण जांबोटीच्या पुढे नेटवर्कचा भरवसा नाही आणि कंडक्टरकडे पाचशेच्या नोटेचे सुटे नसतात.

येणे

मिरजेकडून येणाऱ्यांनी रेल्वेचा विचार आधी करावा. मिरज-लोंढा मार्गावरच्या पॅसेंजर गाड्या कुडची, रायबाग, घटप्रभा करत बेळगावला येतात. त्यांना वेळ जास्त लागतो, पण तिकीट एसटीपेक्षा पुष्कळ कमी पडते आणि लहान मुलांना खिडकीची मजा मिळते. कोल्हापूर आणि निपाणीहून मात्र एसटीच सोयीची आहे, कारण महामार्ग सरळ आहे आणि दोन्ही राज्यांच्या बस दिवसभर धावतात. चंदगडकडून वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी, उचगाव फाटा आणि हिंडलगा करत बस थेट शहरात येते.

महिलांच्या सवलतीविषयी सीमाभागात नेहमी गोंधळ होतो, म्हणून तो नियम नीट समजून घ्यावा. कर्नाटक सरकारची शक्ती योजना 11 जून 2023 पासून सुरू आहे. तिच्यानुसार कर्नाटकच्या रहिवासी महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या बसमध्ये शून्य तिकीट मिळते, पण त्यासाठी कर्नाटकातला पत्ता असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. बेळगावच्या भावजयीला शून्य तिकीट आणि कोल्हापूरहून आलेल्या नणंदेला पूर्ण तिकीट, असे एकाच बाकावर घडते आणि त्यात कंडक्टरचा काही दोष नसतो. महाराष्ट्राच्या एसटीत 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरते. तेव्हा कुटुंबातल्या बायकांचा पत्ता कुठल्या राज्यातला आहे ते पाहून, ज्या गाडीत एकूण खर्च कमी येईल ती गाडी धरावी.

मुक्काम

साध्या लॉजचे पट्टे तीन आहेत : मध्यवर्ती बसस्थानकाचा परिसर, रेल्वे स्थानकाचा परिसर आणि या दोहोंच्या मधला खडेबाजार-किर्लोस्कर रोडचा भाग. मी स्वतः पाहुण्यांना तिसरा पट्टा सुचवतो. बसस्थानकाजवळ रात्रभर हॉर्न वाजतात. मधल्या भागात मात्र गल्ल्या रात्री शांत होतात, आणि बाजार, खानावळी, मिठाईची दुकाने सगळे पायी अंतरावर राहते, त्यामुळे रिक्षाचे पैसे आपोआप वाचतात.

खोली ठरवण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. पहिली म्हणजे खोलीचे भाडे आल्यापासून चोवीस तासांचे आहे की दुपारी बाराला खोली सोडावी लागते. चोवीस तासांची पद्धत असेल तर संध्याकाळी येणाऱ्याचा मोठा फायदा होतो. दुसरी, गरम पाणी कोणत्या वेळेत येते. पावसाळ्यात आणि थंडीत ही चैनीची गोष्ट नाही, आणि अनेक ठिकाणी ते सकाळी दोन-तीन तासच असते. तिसरी, पावसाळ्यात भिंतीला ओल आहे का, आणि ती विचारण्यापेक्षा वर जाऊन पाहावी. चौथी, करासह एकूण रक्कम किती होईल. सर्वांची मूळ ओळखपत्रे जवळ ठेवावीत, कारण सीमेवरच्या शहरात त्यावाचून खोली देत नाहीत.

शहरात फिरणे

मध्यवर्ती बसस्थानक आणि शहर बसस्थानक जवळजवळ आहेत. शहर बसने टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ, हिंडलगा अशा सगळ्या भागांत जाता येते. अनेक बसच्या पाट्या फक्त कन्नडमध्ये असतात. ज्यांना ती लिपी वाचता येत नाही त्यांनी पाटीकडे पाहत बसण्यापेक्षा सरळ विचारावे. कंडक्टर, फळवाले, पोलीस असे बहुतेक सगळे मराठी समजतात. तरीही ‘एष्टु?’ म्हणजे किती, आणि ‘बस यावाग बरतद?’ म्हणजे बस कधी येणार, एवढे दोन कन्नड प्रश्न पाठ करून यावेत, समोरच्याचा चेहरा लगेच खुलतो. रिक्षात बसण्यापूर्वी भाडे ठरवावे आणि ते लॉजवाल्याला आधी विचारून घ्यावे.

पहिला दिवस : किल्ला, कॅम्प आणि गल्ल्या

आल्या दिवशी शहराबाहेर जाऊ नये. सामान टाकून थेट किल्ल्याकडे चालत निघावे, मध्यवर्ती बसस्थानकापासून तो चालण्याच्याच अंतरावर आहे. वाटेत किल्ला तलाव लागतो आणि तलावाकाठचा 110 मीटर उंचीचा ध्वजस्तंभ लांबूनच दिसतो. खंदक ओलांडून आत शिरताना दुर्गा आणि गणपतीची देवळे लागतात. किल्ल्याच्या इतिहासात रट्ट, आदिलशाही, मराठे असे सगळे आहेत, आणि 1818 मध्ये ब्रिटिश सेनानी मन्रोच्या फौजेने तो घेतला.

किल्ल्यातली कमल बस्ती ही बेळगावातली सर्वांत मोलाची वास्तू आहे असे मी समजतो आणि ती पाहायला घाई करू नये. रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळात, त्याचा मंत्री बिचिराज याने 1204 मध्ये हे जैन मंदिर बांधवले. आत काळ्या पाषाणातली नेमिनाथांची मूर्ती आहे. मंडपात मधोमध उभे राहून मान वर केली की छतातून खाली झुकलेले दगडी कमळ दिसते. त्याच्या 72 पाकळ्यांवर भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर कोरलेले आहेत. सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास उजेड तिरपा आत येतो, तेव्हा पाकळ्यांच्या कडा आणि खांबांची घोटीव गुळगुळीत वळणे स्पष्ट दिसतात, दुपारी तेच सारे सपाट वाटते. म्हणून शक्य असल्यास सकाळीच जावे. शेजारच्या चिक्की बस्तीचे अवशेषही पाहावेत, तिच्यावरच्या नृत्यमुद्रा पाहण्यासारख्या आहेत. चपला बाहेर काढाव्यात, आवाज बेताचा ठेवावा. प्रवेशाला पैसे नाहीत.

तेथून जवळच, किल्ल्यातच रामकृष्ण आश्रम आहे. ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले होते. ते आधी रिसालदार गल्लीतल्या भाटे यांच्या घरी आणि मग वनाधिकारी हरिपद मित्र यांच्या बंगल्यात उतरले, त्यातला दुसरा बंगला हाच. अर्धा तास शांत बसायला यापेक्षा चांगली जागा शहरात शोधून सापडणार नाही. किल्ल्याच्या परिसरात लष्कराची कार्यालये आहेत, त्या बाजूला मोबाईल वर करून फोटो काढू नयेत.

दुपारच्या जेवणानंतर कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात जावे. मोठमोठी झाडे, कौलारू बंगले आणि रुंद शांत रस्ते असलेला हा भाग पायीच पाहावा. 1869 चे सेंट मेरीज चर्च आणि बाग असलेले मिलिटरी महादेव मंदिर हे दोन थांबे पुरेत. मुले सोबत असतील तर मंदिराच्या बागेत तासभर सहज जातो.

संध्याकाळ गल्ल्यांसाठी राखावी. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, नरगुंदकर भावे चौक आणि खडेबाजार हा पट्टा सहा ते आठ या वेळेत सर्वांत जिवंत असतो. फुले, भाजी, भांडी, लुगडी, मसाल्याचे दुकान, मिठाई आणि पुस्तके अशी सरमिसळ एकाच रस्त्यावर सापडते. सकाळी ‘तरुण भारत’चा अंक घेतला असेल तर त्यात शहरातले कार्यक्रम दिलेले असतात. बाबूराव ठाकूर यांनी 1919 मध्ये सुरू केलेले हे दैनिक येथे आजही घरोघरी वाचले जाते. व्याख्याने, भजन, कुस्तीचे फड, नाट्यवाचन यांपैकी काही ना काही बहुधा असते आणि प्रवेश बहुतेक वेळा विनामूल्य असतो. पाहुणा म्हणून मागच्या खुर्चीवर बसायला कोणी हरकत घेत नाही.

खाणे : दुपारी पोटभर, रात्री हलके

खाण्यावर बेळगावात कमी पैशांत जेवढे मिळते तेवढे थंड हवेच्या कोणत्याही प्रसिद्ध ठिकाणी मिळणार नाही, कारण येथली दुकाने पर्यटकांवर चालत नाहीत, त्यांचे गिऱ्हाईक गावातलेच आहे. म्हणून रांग पाहून दुकान निवडावे, पाटी पाहून नव्हे.

सकाळी इडली-वडा, शिरा-उप्पीट किंवा लोणी डोसा घ्यावा. अगदीच हात आखडता असेल तर इंदिरा कँटीन आहे. 5 रुपयांत नाश्ता आणि 10 रुपयांत जेवण या दराने कर्नाटक सरकारने ही कँटीन 2017 मध्ये सुरू केली आणि ती बेळगावातही आहेत. अन्न मर्यादित असते, म्हणून वेळेच्या सुरुवातीलाच जावे लागते. विद्यार्थी, हमाल, दवाखान्यात आलेल्या रुग्णांचे नातेवाईक यांच्यासोबत तेथे जेवण्यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही.

दुपारी खानावळ गाठावी. उत्तर कर्नाटकी पद्धतीच्या खानावळीत ज्वारीची गरम भाकरी, भरल्या वांग्याची एण्णेगाई, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही, कच्चा कांदा आणि शेवटी भात-आमटी असे ताट मिळते. ते ताट संपवल्यावर रात्री फारशी भूकच राहत नाही, आणि सहलीतला जेवणाचा खर्च येथेच निम्म्यावर येतो. मांसाहारींनी कॅम्पातली बिर्याणी किंवा मराठा पद्धतीच्या खानावळीतले मटणाचे ताट एकदा घ्यावे, पण तेही दुपारीच. रात्री मिरची भजी, गिरमिट (चुरमुऱ्यांचा चटकदार पदार्थ), पड्डू (आप्पे) किंवा मिसळ यांवर भागते. पावसाळ्यात रस्त्याकडेला निखाऱ्यावर भाजलेली कणसे मिळतात आणि शेंगांच्या दिवसांत उकडलेल्या शेंगांच्या गाड्या लागतात.

गोडात कुंदा सर्वांना ठाऊक आहे. दूध आटवून, साखर घालून, तपकिरी रंग येईपर्यंत परतलेला हा रवाळ पदार्थ आधी शंभर ग्रॅम घेऊन दुकानापाशीच खावा आणि आवडला तरच घरी न्यायचा विकत घ्यावा. मांडे मात्र कुंद्याइतके लोकांच्या लक्षात राहत नाहीत, याची मला खंत वाटते. मांडे करणाऱ्या बाईचे हात पाहण्यासारखे असतात. मऊ भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यात पिठीसाखर, खसखस आणि वेलचीचे सारण भरले जाते, पोळी लाटून ती हातांवर फिरवत फिरवत रुमालासारखी पातळ केली जाते आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या तापल्या कढईवर अलगद पसरली जाते. काही क्षणांतच तिच्यावर फोड येतात, की लगेच चारी बाजूंनी घडी पडते, कारण जरा उशीर झाला तर ती कडक होऊन मोडते. मांडे लग्नसराईत सर्वाधिक होतात आणि एरवीही काही मिठाईच्या दुकानांत मिळतात. एक मांडा दोघांना पुरतो. आलेपाकाची पुडी मात्र प्रत्येकाने खिशात ठेवावी, घाटातल्या वळणांवर तिचा उपयोग होतो.

दुसरा दिवस : एक गड, सकाळी लवकर

शहरापासून सुमारे 15 किलोमीटरवर येळ्ळूरजवळ राजहंसगड आहे, त्यालाच येळ्ळूरगडही म्हणतात. कमी पैशांत डोंगराचा आनंद घ्यायचा तर पहिली पसंती यालाच द्यावी. सकाळी सातच्या आत बस धरावी. गडाच्या पायथ्यापर्यंत जाणारी फेरी मिळाली तर उत्तम, नाहीतर येळ्ळूर गावात उतरून चढत जाणाऱ्या डांबरी रस्त्याने चालत निघावे. रस्ता गडापर्यंत असल्याने वाट चुकण्याचा प्रश्न येत नाही आणि वयस्क माणसेही थांबत थांबत चढतात. निघतानाच कंडक्टरकडून परतीच्या बसच्या वेळा विचारून कागदावर लिहून घ्याव्यात.

गडावर भक्कम तटबंदी आहे, आत सिद्धेश्वराचे देऊळ आहे आणि 2023 मध्ये उभारलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. तटावरून एका बाजूला बेळगाव शहर आणि दुसऱ्या बाजूला खानापूरकडे सरकत गेलेल्या डोंगररांगा दिसतात. खाली येळ्ळूर, वडगाव आणि शहापूरच्या शिवारातली भातखाचरे दिसतात, बेळगाव बासमती म्हणून ओळखला जाणारा सुवासिक तांदूळ याच पट्ट्यातला. पावसाळ्यात ढग तटाच्या आत शिरतात आणि दहा पावलांवरचे माणूस दिसेनासे होते. त्या वेळी तटाच्या कडेला मुळीच जाऊ नये, शेवाळलेला दगड पाय धरत नाही. माणशी दीड लिटर पाणी आणि खायला भडंग, शेंगदाणे, केळी शहरातूनच घ्यावीत. प्लास्टिकच्या पिशव्या परत खाली आणाव्यात, गडावर कचरा उचलायला कोणी नोकर नेमलेला नाही.

ज्यांनी राजहंसगड आधी पाहिला आहे त्यांनी वैजनाथ निवडावा. वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीच्या बाजूला जाऊन देवरवाडी गाठावी. हे गाव चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे, तेव्हा शून्य तिकीट कुठपर्यंत चालेल ते कंडक्टरला आधी विचारावे. डोंगरात वैजनाथाचे प्राचीन देऊळ आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला महिपाळगड आहे. या गडावर आजही गाव नांदते आहे, म्हणून तेथे पर्यटक म्हणून नव्हे तर पाहुणा म्हणून वावरावे. अंगणातून जाताना विचारावे, विहिरीवर कपडे धुऊ नयेत, आणि चहा मिळाला तर त्याचे पैसे देऊ करावेत.

दुपारी शहरात परत येऊन विश्रांती घ्यावी आणि संध्याकाळी टिळकवाडीकडे जावे. 26 आणि 27 डिसेंबर 1924 रोजी येथे राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन. त्या स्मृतीचे वीरसौध आणि काँग्रेस विहीर येथे आहेत. जवळच व्हॅक्सिन डेपोचा झाडीचा विस्तीर्ण परिसर आहे, पण तो सकाळी फिरायला अधिक चांगला.

तिसरा दिवस असल्यास

तीन दिशा आहेत आणि त्यांपैकी एकच घ्यावी.

दक्षिणेकडे रेल्वेने खानापूर आणि तेथून बसने सुमारे 14 किलोमीटरवर हलशी. गोव्याच्या कदंबांची ही एके काळची राजधानी. भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत आणि भूवराहाची मूर्ती पाहण्यासाठी तरी तेथवर जावे. इतिहासाची आवड असलेल्यांना माझा सल्ला हाच राहील. वेळ उरला तर नंदगडला उतरावे, 1831 च्या जानेवारीत ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्या संगोळी रायण्णाला तेथे फाशी दिले गेले. खानापूरला परत आल्यावर गाडीला वेळ असेल तर मलप्रभेकाठचे असोगा जवळच आहे.

पश्चिमेकडे जांबोटीमार्गे कणकुंबी. येथे मलप्रभेचा उगम आहे आणि माउलीचे देऊळ आहे. वाटेत हब्बनहट्टीला नदीच्या पात्रातच मारुतीचे देऊळ आहे, ते भर पावसात पाण्याखाली जाते, म्हणून दर्शन हिवाळ्यात घ्यावे. चोर्ला घाटाकडे जाणारी बस कणकुंबीवरून जाते, पण परतीच्या बस कमी असतात, त्यामुळे दुपारी तीननंतर तेथे रेंगाळू नये.

ईशान्येकडे गोकाकचा धबधबा. घटप्रभा नदी येथे सुमारे 52 मीटर खाली उडी घेते. जुलै ते ऑक्टोबर या काळातच हा प्रवास सार्थकी लागतो, उन्हाळ्यात तेथे नुसता कातळ दिसतो. बेळगावहून गोकाकला थेट बस आहेत. परतताना करदंट, म्हणजे डिंक आणि सुक्या मेव्याची मिठाई घ्यावी, ती गोकाकचीच चांगली.

पावसाळ्यात जीव सांभाळणे

खानापूर तालुक्यातल्या जंगलातले धबधबे फोनवर पाहून तेथे जाण्याचा मोह तरुण मुलांना होतो. त्यांतले अनेक धबधबे राखीव वनात किंवा 2011 मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्याच्या परिसरात येतात. पावसाळ्यात वनखाते आणि पोलीस तेथे प्रवेशबंदी करतात आणि मोडल्यास गुन्हा नोंदवतात. बंदी नसेल तेव्हाही वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाऊ नये, कारण या रानात गवे आणि अस्वले आहेत. नदीकाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या घाटात पाऊस पडत असतो आणि पाणी काही मिनिटांत वाढते. गोकाकसारख्या कोरड्या वाटणाऱ्या गावात तर हे हमखास घडते. पाणी अचानक गढूळ झाले किंवा त्यात पालापाचोळा वाहून येऊ लागला की मुलांना घेऊन लगेच काठ सोडावा.

जांबोटीच्या पुढे जळवा असतात. मोज्यांना मीठ किंवा तंबाखूचे पाणी लावावे. चिकटलेली जळू ओढून काढू नये, मीठ टाकले की ती आपणच सुटते.

खरेदी आणि परत

खरेदी शेवटच्या दिवशी करावी, म्हणजे उरलेल्या पैशांत बसेल तेवढीच होते. रविवार असेल तर खासबागचा आठवडी बाजार गाठावा, तेथे शेतकरी स्वतः माल घेऊन बसतात. हंगामात रताळी, हिरवा वाटाणा आणि ताजी भाजी पुण्या-मुंबईच्या भावाशी तुलना करता फार स्वस्त पडते. शहापूरच्या साड्यांसाठी मोठ्या दालनात जाण्यापूर्वी शहापूर-वडगावच्या विणकर वस्तीतल्या लहान दुकानांत चौकशी करावी. कुंदा निघण्याच्या दिवशीच घ्यावा, आणि लांबचा प्रवास असेल तर तो आज केलेला आहे ना, हे विचारून घ्यावा. प्लास्टिकच्या डब्यात गरम कुंदा भरला तर झाकणाला घाम येऊन तो लवकर आंबतो, म्हणून थंड झाल्यावरच बांधून मागावा.

परतीची बस दिवसाउजेडी धरावी. चंदगड आणि आजरा बाजूच्या शेवटच्या फेऱ्या लवकर सुटतात आणि पावसाळ्यात रद्दही होतात. त्यामुळे सकाळी लॉज सोडतानाच मध्यवर्ती बसस्थानकावरच्या चौकशी खिडकीत त्या दिवसाची वेळ विचारून घ्यावी, आणि शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी हीच आपली गाडी समजावी.